एकशे बत्तीस फरश्या

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि एखाद्या माणसाविषयी बसून लिहावं अशी रीतही आमच्याकडे नाही. माणसाबद्दल जे काही बोलायचं ते चारचौघांत बोलून मोकळं व्हायचं आणि बैल सोडायला जायचं. तेव्हा ज्यांच्या घरात मी तीन वर्षं राहिलो, त्या वडीलधाऱ्या माणसाविषयी मी असं उघड लिहावं हा आगाऊपणाच आहे. लिहिताना सारखं वाटतं की ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचताहेत आणि हळूच म्हणताहेत, "बाबू, हे कायले लिहून राहिला गा? कोनी वाचलं म्हंजे?" तरी लिहितो. कुठे चुकलं तर लिहिणारा नवखा आहे असं समजून घ्यावं.

माझे घरमालक, मी त्यांना काकाजी म्हणायचो, यांच्याइतका भित्रा माणूस भंडारा जिल्ह्यात झालेला नाही. वाघाला, सापाला, पोलीसपाटलाला भिणारी माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत. झाडीत राहायचं म्हणजे तेवढं भ्यावंच लागतं. काकाजींचं भिणं त्या जातीचं नव्हतं. अमुक एका गोष्टीला भ्यायचं असतं हे बाकीच्या जगाला सुचलेलंच नसे, आणि काकाजी तिला भिऊन मोकळे झालेले असत. छत्री उघडताना ती आपणहून मिटेल म्हणून भीत, मिटवताना उघडेल म्हणून भीत. न्हाव्याचा वस्तरा मानेपाशी आला की त्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करत, म्हणजे त्याच्या मनात दया उत्पन्न व्हावी. सगळी नोकरी त्यांनी कचेरीच्या रेकॉर्डखोलीत काढली आणि बढतीची वेळ आली की रजेवर गेले, कारण बढती मिळाली की सही करावी लागते. "सही म्हंजे आपनच आपल्याले पकडून देनं," असं ते मला समजावून सांगत. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी एकदा सानगडीला मुलगी पाहायला गेले होते म्हणे. मुलीकडच्यांनी "काही विचारायचं असेल तर विचारा" म्हटलं, तेव्हा काकाजींनी परतीची बस किती वाजता आहे एवढंच विचारलं, आणि त्या बसने परत आले. बाजारात भाजीवालीने "घ्या ना काकाजी" म्हटलं की त्यांना पुढे जायचा धीर होत नसे. म्हणून आमच्याकडे पहिल्या दुकानाची भाजी यायची, आणि पहिलं दुकान कोहळ्याचं होतं. तीन वर्षांत मी किती कोहळं खाल्लं ते सांगत नाही.

अशा माणसाच्या घरी मी गेलो तो मीही भीतभीतच. अड्याळजवळ आमची धानाची शेती. बारावी झाल्यावर गुरुजींनी वडिलांना समजावलं, वडील महिनाभर काही बोलले नाहीत, आणि मग एके दिवशी मला आणि तांदळाच्या एका पोत्याला बसमध्ये चढवून भंडाऱ्याला घेऊन आले. वसतिगृहात जागा नव्हती. ज्यांच्याकडे खोली होती त्यांनी आमच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि खोली कालच भरल्याचं सांगितलं. काकाजींनी मात्र लगेच हो म्हटलं. मला वाटलं, केवढा देवमाणूस! पुढे कळलं, त्यांना नाही म्हणायची भीती वाटली होती. जाताना वडिलांनी त्यांच्यादेखत मला बजावलं, "एक बी गाऱ्हानं माह्या कानावर आलं का तू घरी. मंग नांगर आन् तू." माझं सगळं शिक्षण या एका वाक्यावर टांगलेलं होतं. ही खोली गेली असती तर दुसरी मिळाली नसती, आणि वडिलांनी दुसरी शोधूही दिली नसती.

आणि घर तर काकाजींचंही नव्हतं. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. ते तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंचे यजमान सागवानाचे ठेकेदार होते. ते वारल्यावर बाई रायपूरला मुलाकडे राहायला गेल्या आणि घर धाकट्या भावाच्या हवाली करून गेल्या. दरवर्षी चैत्रात आठ दिवस येऊन राहत. भावाला त्यांची एकच ताकीद होती: बाकी घराचं काही होवो, न्हाणीची फरशी जप. ती फरशी यजमानांनी हौसेनं नागपूरहून आगगाडीने वरठीच्या स्टेशनावर आणली होती आणि तिथून बैलगाडीत धानाच्या तणसात पुरून, जशी अंडी आणावी तशी घरी. सिमेंटची, नक्षीची. चार फरश्या जुळल्या की मधोमध एक गुलाबी फूल आणि भोवती हिरवा वेल. अशा एकशे बत्तीस फरश्या. काकाजी त्या रोज सकाळी मोजत. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काकाजी, फरश्या कमी कशा होतील?" तर म्हणाले, "काल होत्या म्हनून आज असतीलच असं कोनं सांगतलं तुले?"

मी त्याआधी फरशीची न्हाणी पाहिली नव्हती. आमच्याकडे घरामागे एक दगड, त्यावर बसायचं, अंगावरचं पाणी केळीला जायचं. इथे फुलांवर उभं राहून आंघोळ करायची याचीच मला लाज वाटे. त्यात काकाजींचे नियम. लोखंडी बादली न्यायची नाही, पितळेचा गुंड, म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर, न्यायचा. तो पोत्याच्या तुकड्यावर ठेवायचा, ठेवताना श्वास सोडायचा नाही. कपडे आपटायचे नाहीत. थंडी वाजली तरी उड्या मारायच्या नाहीत. गाणं म्हणायचं नाही, कारण "गान्यात मानूस पाय आपटते, त्याले समजत नाही." या नियमांना भिऊन मी पावसाळाभर तलावावर जाऊन आंघोळ केली. पण पौषात तलावाचं पाणी अंगाला लावणं शक्य नव्हतं, म्हणून न्हाणीत जाऊ लागलो, आणि एका सकाळी गारठलेल्या हातातून गुंड सुटला. आवाज फार झाला नाही, सुपारी फुटावी एवढाच. पोत्याच्या तुकड्यापासून वीतभर अंतरावर एका पाकळीतून तडा गेला होता आणि फरशीचा कोपरा सुटून वर आला होता. मी आंघोळ न करता तसाच कपडे घालून बाहेर आलो. मग परत आत गेलो, बसायचा लाकडी पाट उचलून त्या जागेवर ठेवला, आणि कॉलेजात जाऊन दिवसभर काहीच ऐकलं नाही.

आठ दिवस पाट तिथेच राहिला. रोज सकाळी काकाजी न्हाणीत मोजायला जात आणि मी खोलीत पुस्तक उलटं धरून ऐकत बसे. "...एकशे सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, आन् पाटाखालच्या चार." विश्वासानं धरलेल्या त्या चार फरश्यांनी माझा जीव खाल्ला. वडील अड्याळहून निघालेत, बसमध्ये बसलेत, आता पुलावर आलेत, असं मला वर्गात बसल्या बसल्या दिसे. नवव्या दिवशी रविवार होता, आणि काकाजींनी पाट उन्हात वाळवायला उचलला.

मोजणी सुरूच होईना. मी जाऊन पाहिलं तर काकाजी ओल्या फरशीवरच बसले होते. घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा तो तुटका कोपरा त्यांनी तळहातावर धरला होता.

"काकाजी, मीनं..."

"हळू बोल."

"घरात कोनी नाही काकाजी."

"बाईले ऐकू जाईल."

"रायपुरात?"

"तुले बाई माहीत नाही," ते म्हणाले.

मी सांगितलं की माझं पोतं बांधून तयार आहे, संध्याकाळच्या बसने मी जातो. तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "तू चालला जाशील आन् मी एकटा सांगू का बाईले? वा रे वा! फोडाले तू, आन् मराले मी!" मग जरा वेळाने म्हणाले, "तिनं मले एवढं घर देलं आन् एकच गोष्ट सांगतली होती गा. एकच." माझं राहणं अशा रीतीने त्यांच्या भीतीवर ठरलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आठ दिवस माझी भीती एकटी होती, तिला सोबत मिळाली.

चैत्राला अडीच महिने होते. आम्ही फुटकी फरशी छिन्नीने अलगद काढली, टॉवेलात गुंडाळली, पितळेच्या डब्यात ठेवली आणि जोडीची फरशी शोधायला निघालो. काकाजींनी एक पथ्य घातलं: बाहेर 'फरशी' हा शब्द काढायचा नाही, गावातलं कोणीतरी बाईंना कळवील. फरशीला 'पेशंट' म्हणायचं. त्यामुळे पहिल्या हार्डवेअरच्या दुकानात ते "आमच्याकडे एक पेशंट हाये, त्याच्या जोडीचा पाह्यजे," असं कुजबुजले आणि दुकानदाराने हात जोडून समोरचा दवाखाना दाखवला. मग कोणीतरी सांगितलं की जवाहरनगरच्या एका जुन्या क्वार्टरात अशीच फरशी उखडून ठेवली आहे. आम्ही बसने निघालो. पण तिथे दारूगोळ्याचा कारखाना, आणि काकाजींच्या मांडीवर तो जड पितळी डबा. फाटकापाशी बस थांबली, पहारेकऱ्याने सहज खिडकीतून आत पाहिलं, आणि काकाजी कोणी न विचारता उभे राहून दोन्ही हात वर करून म्हणाले, "न्हाणीची हाये साहेब, फुटत नाही. फुटलेलीच हाये." पहारेकरी हसून हसून बेजार झाला. आम्ही उतरलोच नाही. त्याच बसने परत आलो.

मग नागपूर. चार रविवार गेलो. सगळीकडे एकच उत्तर. "काकाजी, हे आता कोन बनवते? मोझॅकची, चिप्सवाली लावा. जमाना चिप्सचा हाये." चौथ्या रविवारी एका दुकानाच्या मागच्या अंगणात एक म्हातारा कामगार भेटला. त्याने आमचा पेशंट उजेडात धरला, अंगठ्याने पाकळी पुसली आणि म्हणाला, "हे फूल मीनं भरलेलं हाये. पितळेचा साचा राहे याचा. कप्प्याकप्प्यात रंग टाका, वरून सिमेंट, आन् दाबा. धंदा बसला तसे मालकानं साचे मोडीत काढले. तुमच्या भंडाऱ्याचेच लोक घेऊन गेले, भांडे कराले."

घरी आल्यावर काकाजींनी फळीवरची लोटी उतरवली, उजेडात फिरवून पाहिली आणि परत ठेवली. मग दुसरी. दोन दिवस ते घरातल्या प्रत्येक भांड्याकडे असे पाहत होते, जणू त्याच्या पोटातून आता हिरवा वेल बाहेर येणार आहे. शेवटी गुंडापाशी थांबले. "बाबू," ते म्हणाले, "हा तिचा साचा गिळून बसला असन, आन् वरून तिलेच फोडलं त्यानं."

पण त्यातूनच त्यांना युक्ती सुचली. पितळ आपल्या गावात आलं, तर साचाही आपल्याच गावात का होऊ नये? आमच्या गल्लीतल्या एका भांडी घडवणाऱ्या कारागिराला त्यांनी पेशंट दाखवला. तो म्हणाला, "आजवर नवरीच्या गुंडावर नाव घातलं. न्हाणीसाठी फूल नाही घातलं कधी," आणि पितळेच्या पातळ पट्ट्या वाकवून त्याने आठ दिवसांत हुबेहूब साचा करून दिला. वरठीच्या रस्त्यावर सिमेंटच्या जाळ्या आणि कुंड्या करणारा एक मिस्त्री होता, त्याने रंग कालवले. पहिली फरशी निघाली ती बीटाच्या रंगाची. दुसरीचं फूल जमलं, पण वेल निळा झाला. तिसरी निघाली ती मात्र अशी, की मिस्त्रीनेच सुस्कारा सोडला. ती पाण्याच्या टाकीत मुरत होती तेवढे दिवस काकाजी रोज जाऊन टाकीत वाकून पाहत. एका सकाळी मिस्त्रीने येऊन ती बसवून दिली. रेघेला रेघ, पाकळीला पाकळी. आणि काकाजी दोन पावलं मागे सरकून पाहतात तो काय! बाकीच्या एकशे एकतीस फरश्या वर्षानुवर्षांच्या पाण्याने आणि साबणाने मळकट, आणि त्यांत ही एक लखलखीत. मयतीला जमलेल्या माणसांत नवरदेव बसवावा तशी.

बाई यायला सहा दिवस होते. आणि इथे आम्ही जे केलं ते भंडाऱ्याच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. भांडी घडवणाऱ्यांचं हे गाव, घरोघर पितळ. कळकट वस्तू उजळायची म्हणजे चिंच आणि राख, याहून वेगळा इलाज कोणाला माहीत नाही, आणि सणावाराआधी अख्ख्या गावाच्या हातांना चिंचेचा वास येतो. नवी फरशी मळवता येत नाही, तर जुन्या उजळायच्या, असं काकाजींनी ठरवलं, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी आर्ट्सचा विद्यार्थी. सायन्सचा कोणी मित्र असता तर त्याने आमचे हात धरले असते. आम्ही घमेलंभर चिंच भिजवली आणि सकाळी घासायला बसलो; ते दाराकडून, मी भिंतीकडून. बारीक फेस येऊ लागला. "मळ निघून राहिला गा! पाह्य, कसा फसफस निघून राहिला!" काकाजी ओरडले. तो मळ नव्हता, सिमेंट होतं. पाणी टाकल्यावर सगळी फुलं अशी उमलून आली की काकाजी हसले. तीन वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

दुपारी फरशी वाळली. फुलांवर पांढरी कळा आली होती. गुलाबी रंग तापातल्या माणसाच्या ओठांसारखा झाला होता. हात फिरवला तर छपरावरच्या कवेलूसारखी खरखरीत. काकाजींनी पाणी टाकलं, फुलं उमलली. वाळली, पुन्हा पांढरी. "बाई हाये तवर आठ दिवस ओलीच ठेवू," ते म्हणाले, आणि तिसऱ्या बादलीनंतर त्यांनाच ते पटेनासं झालं. नवी फरशी मधोमध हसत होती. शेवटी त्यांनी मुकाट्याने उरलेली चिंच घेतली आणि तीही घासून टाकली. संध्याकाळपर्यंत एकशे बत्तीस फरश्या अगदी एकसारख्या झाल्या. "जुळली," काकाजी म्हणाले. माणूस गेल्याचं सांगावं त्या आवाजात.

बाई आल्या त्या सकाळी सायकलरिक्षाची घंटी फाटकापाशी वाजली आणि माझ्या शेजारी उभे असलेले काकाजी एकाएकी नाहीसे झाले. न्हाणीची कडी आतून लागल्याचा आवाज आला. बाई म्हणजे कोणी अवाढव्य बाई असतील अशी माझी समजूत होती. उतरली ती माझ्या खांद्याला लागेल एवढी, पांढऱ्या लुगड्यातली, जाड चष्म्याची म्हातारी.

"कुठं हाये तो?"

"न्हाणीत," मी म्हटलं.

"मी आली का हा न्हाणीत!" त्या पडवीतल्या खुर्चीवर बसल्या. तेवढ्यात बंद दारामागून काकाजींचा आवाज आला.

"बाई, फरशी मीनं फोडली."

वडिलांचं ते वाक्य कानात वाजत होतं. पण ऐकून गप्प बसवेना. "नाही बाई," मी म्हटलं, "मीनं फोडली. गुंड सुटला हातातून."

"पोट्टा घाबरून बोलून राहिला," दार म्हणालं. "तो तं तवा घरातच नव्हता."

"एक फरशी, आन् फोडनारे दोन!" बाई म्हणाल्या. "आन् तू गा, तुह्यानं आजवर पापड मोडला नाही, तू फरशी फोडशीन? बाहेर ये. मले आंघोळ कराची हाये."

कडी निघाली. काकाजी भिंतीला अंग घासत बाहेर आले. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर उभे होतो. आधी पाण्याचा आवाजच येईना, आणि काकाजींनी माझा हात एवढा घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. मग पाण्याचा एक तांब्या पडला. मग दुसरा. आंघोळ करून बाई जेवल्या, आणि आठ दिवस राहणाऱ्या बाई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. रिक्षात बसताना मला विचारलं, "परीक्षा कधी तुही?" मी सांगितलं. "हं," म्हणाल्या. भावाला म्हणाल्या, "मी पत्र पाठवते." बस.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. निळं अंतर्देशीय. काकाजींनी ते चिमट्यात धरावं तसं दोन बोटांनी धरलं आणि भिंतीतल्या देवळीत, डब्यात ठेवून दिलं. पत्रांविषयी त्यांचं एक शास्त्र होतं: ताजी बातमी डसते, शिळी झाली की तिचं विष उतरतं. साधं पत्र ते आठ दिवस मुरवत. "बाईचं हाये," ते म्हणाले, "याले जास्त दिवस लागतीन." महिना झाला. पावसाळा गेला. पोस्टमन गल्लीत दिसला की काकाजी मागच्या दाराने निघून जात. भाऊबीजेला धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून पडवीत बसले, बाई आलीच तर असावं म्हणून. आणि मागचं दारही उघडं ठेवलं, बाई आलीच तर असावं म्हणून. बाई आल्या नाहीत. पुढच्या चैत्रातही आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. काकाजींनी फरश्या मोजणं सोडलं. कधी कधी जेवता जेवता घास हातात धरून म्हणत, "किती राग धरला असन तिनं! म्हातारपनी!"

इथे मला माझंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. ते पत्र उघडा, असं मी दोन वर्षांत एकदाही म्हणालो नाही. मी वाचून दाखवतो, असंही नाही. काकाजी भित्रे म्हणून पत्र बंद राहिलं, असं मला म्हणता येईल. पण पत्र बंद होतं तोवर माझी खोली माझी होती. त्यात काय लिहिलं असेल याची मला खात्रीच होती. देवळीतला तो डबा दिसला की मी मान फिरवून पुस्तकात घालायचो, आणि मला मार्क चांगले पडत गेले.

बी.ए.चा शेवटचा पेपर झाला. पुढे एम.ए.साठी नागपूरला वसतिगृहात जागा मिळायची होती. मी सामान बांधत असताना काकाजी ते पत्र घेऊन आले. निळा रंग कडांना उडाला होता. "तू चालला," ते म्हणाले. "आता यातलं काही बी तुले लागत नाही. वाच." त्यांना सगळं माहीत होतं, माझ्या गप्प राहण्याचं कारणसुद्धा. मी पत्र फोडलं. वळणदार, चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर.

"चि. भावास आशीर्वाद. त्या दिवशी मला बोलता आलं नाही. यांच्या फरशीचा रंग गेला त्याचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम कसं बोलावं ते कळेना. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. त्या फरशीची मला पहिल्यापासून भीती वाटे. फार गुळगुळीत. दोनदा पडले, यांना सांगितलं नाही, हौसेनं आणलेली. यांच्या मागे तर काही बोलताच येईना. दरवर्षी येताना गाडीत बसले की आठ आंघोळी मोजू लागे. यंदा पहिल्यांदा भिंत न धरता आंघोळ केली. तुम्ही चिंचेनं घासली हे वासावरून कळलं. आता तिला काही करू नको. त्या पोराला परीक्षा होईपर्यंत कुठे जाऊ देऊ नको, घाबरला होता पण खरं बोलला. मी न बोलता निघून आले, तुला राग आला असेल. राग नसेल तर दोन ओळी लिही, म्हणजे मी येते. पत्राची वाट पाहते."

काकाजी खाली बसले. "'राग नसेल तर', ते पुन्हा वाच." मी वाचलं. "तिले वाटलं मले राग आला," ते म्हणाले. "मले! मले कधी राग येते का गा?"

"नाही काकाजी."

"मले रागाची बी भीती वाटते," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या घराची दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून डब्यात ठेवली होती. शेवटी मीच कागद पुढे केला. काकाजींनी सांगितलं, मी लिहिलं: "राग नाही. ये." पत्र पेटीत टाकायला ते स्वतः गेले आणि टाकल्यावर पेटीपाशीच उभे राहिले, आत पोचलं की नाही या शंकेने.

मी नागपूरला आलो. पावसाळा संपला, दिवाळी गेली, काही कळेना. बाई आहेत की नाहीत, इथपर्यंत माझं मन जाऊन येई, आणि वसतिगृहात टपाल वाटायची वेळ झाली की मी खोलीत थांबत नसे. काकाजींचं शास्त्र माझ्या अंगात शिरलं होतं. शेवटी गेल्या आठवड्यात एक पोस्टकार्ड माझ्या हातातच देण्यात आलं. कार्ड असल्यामुळे ते बंद ठेवायची सोय नव्हती. शिक्का रायपूरचा होता, अक्षर काकाजींचं.

"चि. बाबूस आशीर्वाद. बाई आली होती. आठ दिवस राहिली. रोज आंघोळ केली, भिंत धरली नाही. आता तिला कमी दिसतं. पुढल्या वर्षी येणं जमणार नाही म्हणाली, म्हणून तिला सोडायला मी सोबत इथं आलो तो इथंच आहे. इथली न्हाणी फार गुळगुळीत आहे. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभा राहतो."